चार घरांच्या गावावरून

माझ्या मोठ्या बाबांना जेवताना तोंडी लावायला दोन गोष्टी लागायच्या: एक लोणचं आणि दुसरं मोठ्या आईचं माहेर. लोणचं एखादे दिवशी नसलं तरी चालायचं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठी आई त्यांची बायको. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि मोठ्या आईच्या हातचं गरम जेवण इतक्या जवळ असताना मी डबा कशाला नेऊ? त्यामुळे या दोघांचं भांडण मी वर्षानुवर्षं वरणभातासोबत ऐकलेलं आहे. दोन्ही बाजू मला पाठ आहेत.

पहिला घास तोंडात गेला की मोठे बाबा सुरू. "इच्या गावात चार घरं होते. पाचवा दिसे तो कोठा."

"रस्ता होता," मोठी आई चुलीकडे तोंड करून म्हणायची. "रस्त्याच्या दोई बाजूनं घरं होते. दगडानं बांधलेली हीर होती."

"त्या कोठ्यात बैल बी पावनाच होता."

"तुमी पायलं कवा? रातच्याले आले, रातच्याले गेले."

हे शेवटचं खरं होतं. मोठे बाबा त्या गावी आयुष्यात एकदाच गेले, स्वतःच्या लग्नाला. वरात अंधार पडल्यावर पोचली आणि उजाडायच्या आत नवरीला घेऊन निघाली. पुढे वर्षाच्या आतच इटियाडोहच्या धरणाचं पाणी चढायला लागलं आणि गाव उठलं. माणसं मिळेल तिथे पांगली. गावाचा फोटो कोणी काढलेला नव्हता, मोठ्या आईचे भाऊ-बहिणी एकेक करून गेले, आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी उरलं नाही. त्या गावाचं नाव रोज घेणारा आमच्या घरात एकच माणूस होता, तो म्हणजे टिंगल करणारे मोठे बाबा.

मग एका उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं. उन्हाळी धानाला पाणी सुटलं होतं, ऊन तर असं की बोलता सोय नाही. बाजारात कोणीतरी सांगितलं की फुगवट्याच्या शेवटाला गाळातून जुन्या भिंतींच्या रेघा वर आल्या आहेत. ही बातमी मोठ्या बाबांनीच जेवताना घरी आणली, आणि तिला फोडणी देऊन आणली.

"जा मंग माहेरी," ते म्हणाले. "चार घरं मोजून ये. मोजाले जमते ना चारपरेंत?"

मोठ्या आईने हातातली पळी खाली ठेवली आणि ती उठून मागच्या आंगणात गेली. जेवली नाही. इतक्या वर्षांत ती चिडली होती, ओरडली होती, एकदा लोणच्याची बरणी लपवून ठेवली होती, पण जेवण टाकून कधी उठली नव्हती. मोठे बाबा घास हातात धरून बसून राहिले. आणि मला, ज्याला कोणी काही विचारलेलं नव्हतं, त्याला राग आला.

"मी वरून फोटो काढून आणतो अख्ख्या गावाचा," मी म्हटलं. "मग बोला."

गोंदियाकडे हिंदीत म्हणतात ना, आ बैल मुझे मार, तो बैल मी असा बोलावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरसायकलवरून जाऊन पाहून आलो. काठ आणि त्या रेघा यांच्यामध्ये काळा गाळ पसरलेला. वरून सुकल्यासारखा दिसायचा, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. नाव चालायला पाणी नाही आणि चालायला जमीन नाही. काठावरून लांबची लेन्स लावून फोटो काढला तर त्यात एक काळपट पट्टी आली, बस. मोठ्या बाबांनी ती पट्टी पाहिली असती तर चारची दोन घरं केली असती.

ड्रोन का नाही, हे आता तुम्ही विचाराल, कारण सगळ्यांनीच विचारलं. पानठेल्यावर विचारलं, बँकेत विचारलं, पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाने हनुवटी वर धरल्या धरल्या विचारलं. लग्नाच्या व्हिडिओवाल्या एकाकडे ड्रोन होता. त्याने जागा पाहिली आणि हात जोडले. "भैया, पानी-कीचड़ के ऊपर नहीं. गिरा तो गया." मी किती समजावलं, तो ऐकेना. शेवटी त्याचं बरोबर होतं हे मला पुढे कळलंच, पण तेव्हा मी त्याला भित्रा म्हणून घरी आलो.

माझ्याकडे एक रिमोटचं विमान होतं. हौसेने घेतलेलं, फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं, हलकं. रविवारी कापणी झालेल्या धानाच्या बांधीत उडवायचो. त्याचा गुण एकच, ते हळू उडायचं, जवळपास चालत्या माणसाच्या वेगाने. फोटोला हेच हवं असतं. वेगाने जाणाऱ्या विमानातून काढलेला फोटो फरफटतो. आणि गाळात पडलं तरी फोम तो, बुडणार नाही, असा माझा हिशोब होता. धरणाची भिंत तिथून फार लांब, तरी मी आधी तिकडच्या राखणदाराला जाऊन विचारलं. त्याने विमान तळहातावर तोललं आणि म्हणाला, "खेळना हाय. उडवा." मला ते लागलं, पण परवानगी मिळाली होती.

आता कामाला लागलो. स्टुडिओतला छोटा डिजिटल कॅमेरा घेतला, विमानाच्या पोटाला रबराने बांधला, आणि हातातून सोडलं. विमान नाकावर आपटलं. साधी गोष्ट होती, वजन वाढलं की हळू उडता येत नाही. हळू उडायचं तर पंख मोठे हवेत. पंख मोठे केले की मोटर कमी पडते. मोटर मोठी घेतली की बॅटरी मोठी लागते. बॅटरी मोठी घेतली की वजन वाढतं, आणि आपण पुन्हा पंखांपाशी. या गोल रिंगणात मी बैलासारखा फिरत राहिलो. मोठे बाबा स्टुडिओच्या दारात येऊन उभे राहायचे. "विमान करून राह्यला का बुजगावनं? झालं की आंब्यावर टांग. पोपट तं जातील."

शेवटी वजन कॅमेऱ्यातूनच काढायचं ठरवलं. ज्या कॅमेऱ्याने मी गावातल्या निम्म्या बारशांचे फोटो काढले, तो टेबलावर उलटा ठेवून उघडला. पाठीमागचा स्क्रीन काढला, फ्लॅश काढला, पत्र्याचं कवच काढलं. उरलं ते डोळा आणि दोन वायरी. बटण दाबायला सर्व्हो लावला, म्हणजे रिमोटच्या हुकमावर हलणारी बोटभर दांडी, आणि तिला सायकलच्या आऱ्याचा तुकडा. खटका दाबला की आरा बटण दाबायचा. हे मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच हसलो. स्क्रीन नसल्यामुळे कॅमेरा चालू आहे की बंद हे कळायची सोय उरली नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पंख लांबवायला थर्मोकोल हवा होता. चांगला पातळ फोम आमच्याकडे मिळत नाही, मागवायला वेळ नव्हता. गोंदियाच्या मच्छी बाजारात रेल्वेने मासे येतात ते थर्मोकोलच्या खोक्यांतून. तसली दोन खोकी आणली, धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. गरम तारेने कापून पंखांना दोन्हीकडे जोड दिला, आत बांबूच्या कमच्या घातल्या. विमान दिसायला बेढब झालं, पण तोल जमला. पंखांखाली दोन बोटं लावून धरलं की ते सरळ राहायचं, ना नाक खाली ना शेपूट.

काठावर नेलं, सोडलं, वर गेलं. हळू, छान, अगदी हवं तसं. आणि घारी आल्या. आधी एक, मग तीन. माझ्या नाकाला वास येत नव्हता, पण त्यांना तो मासाच होता की त्यांच्या इलाख्यात घुसलेलं पाखरू होतं, ते त्यांनाच ठाऊक. एकीने डाव्या पंखावर झडप घातली आणि थर्मोकोलचा लचका घेऊन गेली. विमान गिरक्या खात काठाजवळच्या गाळात पडलं.

तिथे एक म्हातारा ढिवर जाळं सांधत बसला होता. त्याच्याकडे एक लांब फळी होती. तो तिच्यावर पोटावर आडवा झाला, दोन्ही हातांनी गाळ मागे सारत गेला आणि विमान घेऊन आला. मी आभार मानायच्या आत त्याने विचारलं, "याच्यातून मच्छी दिसते का?"

"नाही."

"मंग कायले उडवून राह्यले?"

मी त्याला सगळं सांगितलं, मोठी आई, माहेर, चार घरं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नवरा-बायकोचं भांडन हाय ते. त्यात विमान नेऊ नये." मला हे पटलं नाही. पटायला हवं होतं.

घरी आल्यावर मोठ्या आईने पंखाचा गेलेला लचका पाहिला. तिचा उपाय सोपा होता. वर्तमानपत्राचा कागद घ्यायचा, भाताच्या खळीने थरावर थर चिकटवायचा, वासही दबेल आणि पंखही कडक होईल. ती स्वतः शिळा भात पुन्हा शिजवून, घोटून, फडक्यातून गाळून खळ करून घेऊन आली. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून पंख मढवले. खरंच, वाळल्यावर पंख टणक झाले आणि वजनही फारसं वाढलं नाही. मी खूश. ते पंख मी स्टुडिओच्या माळ्यावर ठेवले.

सकाळी उजवा पंख अर्धा होता. उंदरांनी कागद खाल्ला होता, खळ चाटली होती, आणि भूक उरली म्हणून थर्मोकोलही कुरतडला होता. धानाच्या जिल्ह्यात, जिथे उंदराला माणसाच्या आधी भात मिळतो, तिथे मी भाताने विमान चिकटवलं होतं. मी त्या पंखाला लाथ मारली. मग तोच पंख उचलून परत जोडत बसलो, कारण दुसरा कोण जोडणार होता?

मग आठवलं, वडील अल्बम बांधायचे तेव्हा खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. तीच निळी पूड आणून खळीत मिसळली. नव्याने मढवलेले पंख मोराच्या मानेच्या रंगाचे झाले. उंदीर फिरकले नाहीत. घारी फिरकल्या, पण लांबूनच. मोठे बाबा म्हणाले, "आता कसा पोरा दिसते." पोरा म्हणजे आमच्याकडचा पोळा, त्या दिवशी बैल रंगवतात.

यानंतर जे झालं त्यात घारींचा दोष नव्हता, उंदरांचा नव्हता, फक्त माझा आणि वाऱ्याचा होता. ऊन तापलं की धरणावर वारा सुटतो, म्हणून पहाटे निघायचं, मोटरसायकलवर एक पंख डाव्या काखेत, दुसरा पाठीला. एकदा फोटो आले ते सगळे वाफेतून पाहिल्यासारखे थरथरलेले. मोटरची थरथर कॅमेऱ्यात उतरत होती. तर कॅमेऱ्याखाली भांडी घासायचा स्पंज लावला. पुढच्या वेळी फोटो स्थिर आले, पण सगळ्यांत माझ्या विमानाचीच सावली आणि गाळ. गाव एका बाजूला राहिलं. कॅमेरा तिरका करायला हवा होता. तिरका केला, उडवलं, अगदी रेघांच्या वर नेलं, खटका दाबत राहिलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत वर पाहिलं, सुखरूप उतरवलं. आणि स्टुडिओत येऊन पाहतो तर कार्ड कॉम्प्युटरलाच लावलेलं होतं. विमानातला कॅमेरा रिकाम्या पोटाने गावाच्या वरून फिरून आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिकाऊ फोटोवाल्याला 'आधी कार्ड तपास' म्हणून दटावणारा माणूस आहे मी. त्या दिवशी मी दुकान बंद करून घरी जाऊन पालथा झोपलो.

हळू उडणं आणि पडणं यांत किती थोडा फरक असतो, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. जरा जास्त हळू झालं की विमान हवेत थबकतं, मान टाकतं, आणि दगडासारखं खाली. ढिवराची फळी माझ्यासाठी किती वेळा निघाली ते तोच सांगेल. शेवटी शेवटी तो मी येताना दिसलो की जाळं बाजूला ठेवून फळी ओली करायला घ्यायचा. मला त्याचा राग यायचा, आणि तो नसता तर काय झालं असतं या विचाराने आणखी राग यायचा.

इकडे मोठी आई काही विचारायची नाही. फक्त वाढताना माझ्या हाताकडे बघायची. हात चिखलाने काळे असले की मुकाट भात वाढायची. आणि मोठे बाबा, त्यांना तर ऊत आला होता. "चार घरं असते तं एका फोटोत आले असते. एवढे दिस काऊन लागून राह्यले? घरंच नाई तं फोटोत काय येईन?" मी ताटात बघत जेवायचो. मला आता मोठ्या आईपेक्षाही जास्त ते भांडण जिंकायचं होतं.

मृग जवळ आला. वरच्या नाल्यांतून पाणी यायला लागलं की रेघा परत बुडणार हे उघड होतं. एका सकाळी वारा मुळीच नव्हता. कार्ड मी तीनदा काढून तीनदा बसवलं. विमान सोडलं, वर चढवलं, मोटर बंद केली आणि त्याला नुसतं तरंगत जाऊ दिलं. निळे पंख आवाज न करता त्या रेघांवरून सरकले. मी खटका दाबत गेलो. वळवून परत आणलं, पुन्हा तरंगवलं, पुन्हा दाबलं. ते काठावर येऊन गवतात उतरलं. ढिवराने न वापरलेली फळी परत उन्हात ठेवली.

स्टुडिओत शटर ओढून घेतलं आणि फोटो उघडले. होतं. सगळं होतं. भिंतींच्या पायांचे चौकोन, एकामागे एक, दोन ओळींत. मधून सरळ गेलेली रिकामी पट्टी, म्हणजे रस्ता. रस्त्याच्या टोकाला एक काळं गोल छिद्र, भोवती दगडांची कड. फोटो एकमेकांना जोडून मी एक मोठा फोटो केला, लग्नात नवरा-नवरीचा करतात तेवढा, आणि जाड कागदावर काढला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात एखादा फोटो काढून मला इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

दुपारी नेला. मोठ्या आईने हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "हे काय हाय? थापलेल्या गोवऱ्या?"

माझा धीर सुटला. "तुझं गाव आहे ते. वरून."

"वरून मी कवा पायलं? आमी का घारी होतो?"

एवढं करून हेच राहिलं होतं. मी फोटो तिच्या हातातून घेतला, जमिनीवर अंथरला, आणि तिचं बोट धरून त्या गोल छिद्रावर ठेवलं. "ही विहीर."

ती फोटोपाशी उकिडवी बसली. बोट विहिरीवर तसंच. मग ते निघालं. विहिरीवरून रस्त्यावर आलं, जरा थांबलं, डावीकडे वळलं. ओठांत ती काहीतरी पुटपुटत होती, नावं असावीत. बोट एकेका चौकोनाशी थांबून पुढे जात होतं, जसं डोक्यावर घागर घेऊन माणूस दाराशी दाराशी बोलत जातो. एका चौकोनाशी ते थांबलं ते थांबलंच. "हे आमचं," ती म्हणाली.

मोठे बाबा चष्मा लावून तिच्या मागून वाकून बघत होते. त्यांचे ओठही हलत होते. ते मोजत होते. वर गेले, खाली आले, दुसरी ओळ मोजली. मी वाट पाहत होतो, की आता हा माणूस काहीतरी खोट काढेल, बैलांचे कोठे मोजू नको म्हणेल, गोवऱ्यांचा विनोद पुढे नेईल. पण ते खाटेवर जाऊन बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"लय मोठं होतं वो तुह्यं गाव," ते म्हणाले. "मले त्या राती गॅसबत्तीत मांडवाजवळचे चारच घरं दिसले होते. मी तेच म्हनत राह्यलो."

मोठ्या आईने फोटो उचलला, पदराने पुसला आणि शेजारी दाखवायला घेऊन गेली.

जिंकलो, असं मला वाटलं. चार-दोन दिवस तो फोटो आळीभर फिरला. मोठी आई विहिरीपासून सुरू करून प्रत्येकीला सगळं गाव दाखवायची. मग तो चुलीजवळच्या भिंतीवर खिळ्याला लागला आणि घरात शांतता झाली. मोठे बाबा जेवायला बसायचे, पहिला घास घ्यायचे, आणि पुढे काही नाही. माठ रिकामा झाला का विचारायचे. भाजी चांगली झाली म्हणायचे. मी त्या घरात आयुष्यभर जेवलो, त्यांना भाजी चांगली म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. मोठी आई चुलीकडे तोंड करून बसायची, एखादं वाक्य यायचंय अशी, आणि ते यायचं नाही. लोणचं वाढलेलं तसंच राहायचं. तिकडे धरणात पाणी चढलं आणि रेघा बुडाल्या.

मग एके दिवशी मोठी आई स्टुडिओत आली. ती कधी येत नाही, काही हवं असलं की निरोप धाडते. हातात पिशवी, पिशवीत गुंडाळी केलेला तो फोटो. तो तिने माझ्या टेबलावर सपाट केला.

"याले काप."

"का? भिंतीवर मोठा होतोय का?"

"नाई." तिने विहिरीपासून सुरुवात न करता बोट सरळ मधल्या चार चौकोनांवर ठेवलं. "मांडव इथं होता. हे चार घरं ठेव. बाकी काप."

मला जो राग आला तो मी लपवला नाही. घारी सांगितल्या, उंदीर सांगितले, ढिवराची फळी सांगितली, उघडून मारलेला कॅमेरा सांगितला. गाव पुन्हा पाण्याखाली गेलंय, विमान आता नेऊन उपयोग नाही, हा फोटो परत होणार नाही, हे सगळं सांगितलं. तुझ्यासाठी केलं मी हे, असंही म्हणालो, जे म्हणू नये.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मानूस बोलत नाई घरात. पह्यले रोज माह्या गावाचं नाव निंगे. आता आठ-आठ दिस निंगत नाई."

मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये आहेत हे मला माहीत होतं, तिला ते सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. मी पट्टी लावली, कटर घेतला. रस्ता कापला. विहीर कापली. तिचं घर कापताना हात थांबला, तशी ती म्हणाली, "काप ना." कापलेल्या पट्ट्या तिने एकावर एक ठेवल्या, गुंडाळल्या आणि पिशवीच्या तळाशी घातल्या. चार घरांच्या तुकड्याला मी छोटी फ्रेम लावून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तेव्हा ती फ्रेम खिळ्यावर होती. मोठे बाबा पाट घेऊन बसले, वर पाहिलं, चष्मा लावून परत पाहिलं. फ्रेमच्या भोवती भिंतीवर मोठ्या फोटोची चौकट धुळीने उमटलेली होती, तीही त्यांना दिसली असणार. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला.

"म्हनत नव्हतो मी?" ते म्हणाले. "चार. मोजून चार."

"तं मी काय करू?" मोठी आई चुलीकडे तोंड करून म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी चढला होता. "फोटोवाल्यालेच उडवता येत नाई. अर्धं गाव बाहेर ठेवलं यानं."

"याले कवा काय जमलं? लोनचं दे इकडं."

दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिलो.